‘खाऊन टाका’ छापलेली थैली

आमचं दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेत आहे आणि आम्ही फेकून द्यायच्या वस्तू विकतो. पत्रावळी, द्रोण, चहाचे कप, चमचे, पार्सलच्या पिशव्या. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी गल्ल्यावर बसले, ती आजतागायत. मध्यंतरी प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा थोडा माल मागे गेला, थोडा नाव बदलून परत आला. चंदेरी द्रोणांना तेवढा कधीच धक्का लागला नाही. कागदाचे म्हणून ते खपतात. त्या चकाकीत प्लास्टिकचा पापुद्रा असतो हे आम्हाला ठाऊक असतं. गिऱ्हाईक विचारत नाही, आम्ही सांगत नाही.

अशी मी बाई वऱ्हाडात गेले ती खाता येणाऱ्या वाट्या बघायला.

नलिनी माझी डी.एड.ची मैत्रीण. पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. ती मूळची अकोल्याकडची, पुढे हिवरखेडला दिली, तिथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिची मुलगी प्रणाली शेंदूरजनाघाटला असते. ज्वारीच्या पिठाच्या वाट्या करते. त्यात जेवायचं आणि शेवटी वाटीच खाऊन टाकायची.

नलिनीचा फोन आला तो नेहमीसारखा सरळ. “तू दुकानदार आहेस. येऊन पाह्य. पटलं तं ठेव, नाही पटलं तं तोंडावर सांग. पोरगी दोन सालापासून मरमर करून राहिली, अन् माल काही हलत नाही.”

आमच्याकडे असं बोलायला लोक आधी हवापाणी, मग मुलंबाळं, मग आंब्याचा मोहोर, असं करत अर्धा तास घेतात. यजमान म्हणाले, “जाऊन ये. पण काही कबूल करून येऊ नकोस.” फेब्रुवारीत मी निघाले. आठ दिवसांत परत आले खरी, पण जी गेले होते ती काही परत आले नाही. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, झालं तसं लिहिते.

अमरावती

बडनेऱ्याला उतरले आणि प्रणालीला फोन लावला. “मावशी, मी येऊन राहिली,” ती म्हणाली. माझ्या कानाला ते ‘येऊन राहिली’ म्हणजे आधीच येऊन थांबली आहे असं वाटलं. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला शोधत फिरले. दोन अनोळखी मुलींना ‘तू प्रणाली का?’ विचारून झालं. अर्ध्या तासाने ती घामाघूम होऊन आली तेव्हा उलगडा झाला, की तिकडे ‘येऊन राहिली’ म्हणजे अजून वाटेत आहे.

प्रणाली पस्तिशीची. उंच, सावळी, घाईघाईने चालणारी. आईचा स्पष्टपणा तिच्यात नाही, ती बोलण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचते. तिने मला आधी अमरावतीच्या बाजारात एका गाडीवर नेलं. गिला वडा ही तिथली खासियत. दह्यात मुरलेला मऊ वडा, वर लाल चटणी. गाडीवाल्याने तो खाकी रंगाच्या एका खडबडीत वाटीत दिला. वाटीला तिकडे कटोरी म्हणतात.

वडा फार छान होता. खाऊन झाल्यावर मी सवयीने कटोरी शेजारच्या टोपल्यात टाकली.

गाडीवाला म्हणाला, “फेकली काहून, काकू? खायची होती ते.”

मी टोपल्यात पाहिलं. तिथे आणखीही कटोऱ्या पडल्या होत्या. इतक्या लांब मी ही वाटी खायला म्हणून आले होते, आणि हात मात्र माझ्या आधी फेकून मोकळा झाला होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी दुसरा वडा मागितला. या वेळी कटोरीची कड मोडून तोंडात घातली. भाजलेल्या ज्वारीचा वास, जिरं, मीठ. दह्याने तळ नरम झालेला, कड अजून कुरकुरीत. चव वाईट नव्हती, पण भर बाजारात आपण भांडं चावतो आहोत ही भावना जाईना. मी रस्त्याकडे पाठ करून खाल्ली.

“सगळे असेच करते,” प्रणाली हळूच म्हणाली. “खा म्हटलं तं हासते. अमरावतीत हा एकच गाडीवाला माझा माल घेते, मावशी.”

शेंदूरजनाघाट

वरूडच्या पुढे गेलं की हवेलाच संत्र्याचा वास येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, पानांच्या गर्द हिरव्यात केशरी ठिपके, आणि ट्रॅक्टर एकामागे एक. आमच्या हापूसच्या बागा डोंगराच्या उतारावर चढउतार करत असतात. इथे सगळं सपाट, काळी जमीन, झाडं शाळेतल्या मुलांसारखी रांगेत. लांब उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ.

प्रणालीच्या सासरची बाग आहे. संत्र्यांचा माल जिथे छाटून भरतात त्या शेडला लागून एक खोली, तोच तिचा कारखाना. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, मीठ, जिरं, आणि वाळवून दळलेली संत्र्याची साल. घट्ट मळलेला गोळा तापलेल्या लोखंडी साच्यात ठेवायचा, वरचा साचा दाबायचा. थोड्या वेळाने कटोरी बाहेर. तिने माझ्यासमोर एकीत उकळता रस्सा ओतला आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी घड्याळ बघत बसले. चटका जाणवला, पण थेंब गळला नाही. चहा पिऊन झाला, गप्पा झाल्या, तरी कटोरी उभी होती.

तिने आणखी एक गोष्ट दाखवली. संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागापासून केलेला पातळ, पारदर्शक कागद. त्यात तिने संत्राबर्फीची वडी गुंडाळली होती. “कागदासकट खा,” म्हणाली. जिभेवर तो विरघळला आणि मागे सालीचा किंचित कडसर वास राहिला. तीस वर्षं मी वेष्टनं विकते आहे. वेष्टन तोंडात विरघळतं तेव्हा काय वाटतं ते मला तेव्हा कळलं. मी खरंच थक्क झाले, आणि ते तिला बोलून दाखवलं. ती इतकी खूश झाली की माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि पहिल्यांदा मोकळी बोलली. आधी कटोऱ्या साच्याला चिकटायच्या, मग तडकायच्या. नवरा बागेतून येऊन पाठीमागे उभा राहायचा, काही बोलायचा नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तर एका कोपऱ्यातल्या कटोऱ्यांची उंदरांनी चाळण केलेली. प्रणालीला नवल वाटलं नाही. तिने तुकडे सुपात भरले आणि म्हणाली, “हे आईकडं जाते. तिथं गाय खाते.”

मग तिने मागचं दार उघडलं. तिथे तयार माल रचून ठेवला होता. मी दारातच थांबले. बारा-बारा कटोऱ्या, प्रत्येक डझन जाड पारदर्शक प्लास्टिकच्या थैलीत, आणि थैलीवर संत्र्याच्या रंगात मोठ्या अक्षरांत छापलेलं: ‘खाऊन टाका’.

“प्रणाली, हे प्लास्टिक?”

तिने नजर वळवली. “उघडं ठेवलं तं उंदीर, मुंग्या, ओल. पुठ्ठ्यात ठेवून पाह्यलं, आठ दिवसांत मऊ पडते. दुकानदार म्हणते, पॅकिंग चमकलं पाहिजे. मी काय करू मावशी, सांगा तुमी.”

त्या थैलीची जाडी मी नुसत्या नजरेने ओळखली. आमच्या दुकानात तसलीच थैली किलोने जाते. ज्या बाईने आयुष्यभर तेच विकलं तिने काय बोलायचं, म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं पुढे मला चांगलंच टोचलं.

हिवरखेड

परतवाडा, अकोट करत आम्ही दोघी हिवरखेडला पोचलो. सोबत गावातल्या मंदिराच्या सप्ताहासाठी मागवलेल्या कटोऱ्या होत्या. शेवटच्या दिवशी काल्याचं जेवण, आणि नलिनीने मंदिरातल्या मंडळींना पटवून यंदा द्रोणाऐवजी लेकीच्या कटोऱ्या घ्यायला लावल्या होत्या. प्रणालीची ही आजवरची सगळ्यांत मोठी मागणी. इथे लोकांनी स्वीकारलं तर तालुक्यात नाव होणार होतं.

नलिनी ओट्यावरच उभी होती. पंधरा वर्षांनी भेटत होतो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “बारीक झाली व तू. दात कवळीचे काय?” मी हो म्हणाले. “माहेबी,” ती म्हणाली, आणि मग मिठी मारली.

जेवायला भाकरी, आंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी आमच्याकडच्या चटणीसारखा ठेचा बोटभर उचलला आणि मला उचकी लागली ती थांबेना. नलिनीचे यजमान बाबाराव भाऊजी ताटावरून उठले, गूळ आणून माझ्या हातावर ठेवला, पुन्हा जाऊन बसले. सबंध जेवणात ते एवढंच करून गप्प राहिले. मग नलिनीने सांगितलं, त्यांचं चित्त गोठ्यात आहे. तांबी चार दिवसांपासून खात नाही.

तांबी म्हणजे त्यांची गावरान गाय. मी गोठ्यात गेले. मान खाली घालून ती उभी होती, डावी कूस ढोलासारखी फुगलेली. पुढ्यात प्रणालीने आणलेल्या कटोऱ्यांचा चुरा तसाच पडला होता. “हा तं तिचा जीव की प्राण,” नलिनी म्हणाली. “ह्यालेबी तोंड लावून नाही राहिली.”

गावातल्या डॉक्टरांनी तपासून पोट उघडावं लागेल असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यासाठी अकोल्याहून डॉक्टर आल्या. चाळिशीच्या बाई, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. त्यांनी कुशीवर टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, “काय खाते ही?”

“कुटार, ढेप, अन् पोरीच्या कटोऱ्यांचा चुरा,” भाऊजी म्हणाले. कुटार म्हणजे भुसा, ढेप म्हणजे सरकीची पेंड.

“अन् मोकळी सोडता का?”

“सकाळी सोडतो जी. गावातून फिरून येते.”

डॉक्टरांनी मान हलवली. गाईला खांबांच्या चौकटीत उभी बांधली, डाव्या कुशीवरचे केस काढले, बधिर करायच्या सुया दिल्या. मला वाटलं होतं तिला आडवी करतील, झोपवतील. तसं काही नव्हतं. ती उभीच, डोळे उघडे, आणि डॉक्टरांनी कुशीवर वीतभर चीर दिली. नलिनी तिच्या तोंडाशी उभी राहून कपाळ चोळत होती. प्रणाली माझ्या शेजारी.

आधी वास आला. त्याचं वर्णन करत नाही. मग डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढायला लागल्या. आधी काळपट ओला चारा आला. मग एक दोर, तो कुठे संपेचना. नीट पाहिलं तेव्हा कळलं, दोर नव्हता तो. पिशव्या होत्या, एकमेकींत पिळल्या गेलेल्या, चाऱ्यासकट घट्ट वळलेल्या. त्यांनी तो गुंडा घमेल्यात टाकला. पुन्हा हात घातला. पुन्हा गुंडा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पायमोज्याचा तुकडा, चहाचे चेपलेले कप. घमेलं भरलं. भाऊजींनी दुसरं आणलं.

दुसऱ्या घमेल्यात मला काहीतरी चमकताना दिसलं. चंदेरी द्रोण. दुमडलेला, काठाला तीच वेलबुट्टी. आमच्या दुकानात पन्नासाच्या गड्डीत येतो तसा. हा काही रत्नागिरीहून इथवर आला नव्हता, हे मला कळत होतं. पण माझ्या हातून असे किती गेले आणि ते कुठल्या पोटात गेले, हा विचार असा कधी समोर येऊन उभा राहिला नव्हता. मी शेजारी पाहिलं, प्रणालीने तो द्रोण पाहिला का म्हणून. ती तिकडे बघतच नव्हती.

तिची नजर डॉक्टरांच्या हातात नुकत्याच आलेल्या एका जाड थैलीवर होती. थैलीची गाठ तशीच बांधलेली. डॉक्टरांनी ती हातमोज्याने पुसली. केशरी रंग अर्धा उडाला होता, पण अक्षरं लागत होती. ‘खाऊन टा’. पुढचं फाटलं होतं.

“हे काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी आणखी एक तशीच थैली काढली. मग तिसरी.

नलिनीचा हात गाईच्या कपाळावर थांबला. “म्याच टाकल्या,” ती म्हणाली. “पोरगी चुरा थैलीतच बांधून देते. थैली फाडून चुरा टाकत जाओ. कधी हात रिकामा नसला की थैलीच ठेवली गव्हाणीत, मंग सोडतो म्हणून. मंग भूलून जाओ. अन् रिकाम्या थैल्या उकिरड्यावर.”

डॉक्टर आवाज न चढवता म्हणाल्या, “थैलीले ज्वारीचा वास, मिठाचा वास. गाईले काय माहीत आतलं खायचं अन् बाहेरचं नाही. साध्या पिशवीपेक्षा ही ती आवडीने खाईल.”

प्रणाली घमेल्याशी खाली बसली. रडली नाही. त्या थैलीकडे नुसती बघत राहिली, जणू त्यावर काय लिहिलं आहे ते ती पहिल्यांदाच वाचत होती.

टाके घालून झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, दोन-तीन दिवस काढले आणि रवंथ सुरू झाला तर जगेल. जाताना त्यांनी सांगितलं, घमेल्यांतलं सगळं धुऊन अकोल्याला पाठवा, मला ते लोकांना दाखवायला लागतं.

त्या दुपारी घरात चूल पेटली नाही. प्रणालीने सप्ताहाच्या कटोऱ्यांच्या थैल्यांची खोकी ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाली, “मंदिरात सांगून दे आई, नाही येत माल. मी बंद करून राहिली हे सगळं. नवऱ्याले बरंच वाटन.”

मला वाटलं, आता तरी गप्प बसणं बरं नाही. मी म्हणाले, “शेंदूरजन्याला मी त्या थैल्या पाहिल्या तेव्हाच बोलायला हवं होतं. तेच प्लास्टिक मी विकते म्हणून बोलले नाही. त्या घमेल्यात माझाही द्रोण होता, प्रणाली. तुझी थैली तुला दिसली, माझा द्रोण मला दिसला.”

खांबाला टेकून बसलेले भाऊजी तेव्हा बोलले. “कटोरीनं काय केलं? गाईनं कटोरी पचवली. थैली नाही पचली. थैली बंद कर.”

“मंग ठेवू कायच्यात?” प्रणाली जवळजवळ ओरडली.

नलिनी उठली, माजघरात गेली आणि तेलाचा एक मोठा पत्र्याचा पिपा उचलून आणला. झाकण काढलं. आत कुरडया होत्या. तिने एक काढून मोडली, कट्कन आवाज झाला. “मागच्या उन्हाळ्यातल्या आहेत. सारा पावसाळा काढला त्याईनं. तुह्या कटोऱ्या काय महाराणी आहेत?”

मग आम्ही तिघी बसलो. गावभरातून रिकामे पिपे मागवले, राखेने घासले, उन्हात तापवले, तळाला कडुलिंबाचा वाळका पाला घातला, आणि एकेक थैली फाडून कटोऱ्या पिप्यांत रचल्या. फाडलेल्या थैल्या प्रणाली मोजल्यासारख्या एकात एक घालत होती. एकही इकडेतिकडे उडू दिली नाही. मध्येच ती म्हणाली, “मावशी, दुकानांत ज्या गेल्या त्याचं काय?” मी पुढची थैली फाडली.

काला झाला त्या दिवशी तांबी अजून काही न खाता तशीच उभी होती. जेवणाला रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे जाड गोळे, तूप, वांग्याची भाजी, वरण आणि शिरा. पंगतीत कटोऱ्या मांडल्या गेल्या. लोकांनी त्या हातात घेऊन फिरवून पाहिल्या. वाढणारे ओरडून सांगत होते, कटोरीबी खायची आहे. काही खात होते, काही हसत होते. माझ्या शेजारच्या म्हातारीने सगळी कटोरी शांतपणे संपवली आणि समोरची रिकामी जागा पाहून म्हणाली, “आता उष्टं कायचं काढता?” पण बऱ्याच जणांनी कटोऱ्या तशाच सोडल्या. त्या उचलून मांडवाच्या मागे ढीग घातला गेला.

मी हात धुवायला मागे गेले आणि पाहिलं, तीन-चार गाई त्या ढिगात तोंड घालून उभ्या.

त्या क्षणी मला कटोऱ्या दिसल्याच नाहीत. मला ती चिरलेली कूस दिसली. मी कुंपणातली काठी उपसली आणि गाईंच्या अंगावर धावले. एका बाईने विचारलं, “काहून हाकलून राहिल्या? खाऊ द्या ना.” मी त्या उष्ट्याच्या ढिगाशी उकिडवी बसले आणि हाताने उपसायला लागले. माझ्या चांगल्या साडीवर वरण सांडत होतं. बायका हसल्या. पाहुणी कोकणातली, डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार.

मग माझ्या हाताला चंदेरी द्रोण लागला. कुणीतरी मागच्या वर्षीचे उरलेले शिऱ्यासाठी काढले होते. एक, मग आणखी एक, मग चमच्यांचा झुपका. मी ते उचलून बाजूला ठेवले तेव्हा हसणं थांबलं. तांबीची गोष्ट गावात पसरलेली होतीच. ज्या बाईने मला टोकलं होतं तीच आधी बसली, मग बाकीच्या. आम्ही सगळा ढीग चाळला. प्रणाली धावत आली आणि ती पण बसली. शेवटी ढिगात फक्त कटोऱ्या आणि अन्न उरलं, तेव्हा नलिनीने माझ्या हातातली काठी काढून घेतली. “सोड आता. खाऊ दे.”

गाई परत आल्या. त्यांचं खाऊन होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

अकोला

परतीची गाडी अकोल्याहून होती. धुतलेलं प्लास्टिक एका पोत्यात घेऊन प्रणाली आणि मी आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आम्हाला दवाखान्यामागची खोली दाखवली. भिंतीला लागून पिंपं. प्रत्येकावर खडूने गावाचं नाव, काहींवर गाईचंही. मी झाकण उचलून पाहिलं आणि लगेच ठेवून दिलं.

“सगळ्या वाचल्या?” मी विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी आमचं पोतं एका रिकाम्या पिंपात ओतलं, वर ‘हिवरखेड, तांबी’ लिहिलं आणि मला विचारलं, “तुमी कुठल्या, मॅडम?”

“रत्नागिरी.”

“तिथलं प्लास्टिक कुठं जाते?”

मी म्हणाले, “पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत. खाडीतून समुद्रात.”

“मंग तिथं पोट कोन उघडते?” त्यांनी अगदी साधेपणाने, माहिती विचारावी तसं विचारलं, आणि हात धुवायला गेल्या.

स्टेशनवर प्रणालीला नलिनीचा फोन आला. तिने तो ऐकला, मान खाली घातली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली. तांबीने पहाटे कुटार तोंडात घेतलं होतं. आता रवंथ करून राहिली होती.

रत्नागिरी

घरी आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण चंदेरी द्रोण बंद करायचे म्हटल्यावर उठून उभे राहिले. “आपण नाही दिले तर समोरचा देईल.” ते खरं होतं. एका मंदिराचा आचारी, आमचं जुनं गिऱ्हाईक, मला द्रोण नाहीत म्हटल्यावर समोर गेला आणि तेच घेऊन आमच्या दारावरून परत गेला. यजमान माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत.

प्रणालीने ज्या ज्या दुकानांत माल दिला होता तिथे स्वतः जाऊन थैल्या परत मागितल्या. बऱ्याच ठिकाणी त्या कधीच कचऱ्यात गेल्या होत्या. जेवढ्या मिळाल्या तेवढ्या आणल्या. नवा माल आता पिप्यातच जातो, आणि पिपा परत द्यायचा या अटीवर. काही दुकानदारांनी त्यामुळे तिला सोडलं. गिला वड्याच्या गाडीवाल्याने नाही सोडलं.

आमच्याकडे पहिला पिपा मार्चमध्ये आला. मी दुकानाच्या पायरीवर उसळ भरून कटोऱ्या ठेवल्या आणि येईल त्याला खायला लावल्या. पिपा महिनाभराने रिकामा झाला. कोकणचा पाऊस मात्र त्यांना मानवला नाही. जूनमध्ये आलेल्या दुसऱ्या पिप्यातल्या कटोऱ्या आठवड्यात दमट झाल्या, हातात घेतल्या की वाकायच्या. मी प्रणालीला तोंडावर तसं सांगितलं, आणि आता पावसाळ्यात आम्ही त्या ठेवत नाही.

पहिला पिपा परत पाठवायचा होता ती सकाळ अजून आठवते. ट्रान्सपोर्टचा टेम्पो दारात उभा, मी झाकण लावत होते. यजमान गल्ल्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “लोकांचं भांडं रिकामं कसं पाठवायचं?”

ते आत गेले आणि आमसुलं घेऊन आले. आमसुलं ओलसर असतात, म्हणून त्यांचा हात सवयीने वर टांगलेल्या पिशव्यांच्या गड्डीकडे गेला. एक पिशवी ओढून त्यांनी तिचं तोंड फुंकून उघडलं. मग ती पिशवी पुन्हा गड्डीवर ठेवली, मागच्या दारी जाऊन केळीचं पान कापून आणलं, पुसलं, पिप्याच्या तळाशी अंथरलं आणि त्यावर आमसुलं ओतली.

“लाव झाकण,” ते म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडून बसले.